जुन्या शेव्हर्ले ट्रकच्या डॅशमधील खणाचे अस्तर बदलताना

डॅशबोर्डमधल्या खणाचे झाकण उघडताच पुठ्ठ्याचा तपकिरी भुगा मांडीवर पडू लागला, किंवा आत ठेवलेले आर. सी. बुक तळाच्या फटीतून घसरून वायरींवर जाऊन बसू लागले, की त्या खणाचे अस्तर संपले असे समजावे. गॅरेजमध्ये आपण ज्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतो, त्याचे झाकण आणि तोंडाची चौकट एवढेच जुन्या ट्रकांत पत्र्याचे असते. बाकीचा सगळा खण म्हणजे डॅशच्या मागच्या पोकळीत टांगलेली, दीड मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याची एक पेटी असते; तिलाच अस्तर म्हणतात. गाडीचा रंग, क्रोम आणि इंजिन यांवर वर्षानुवर्षे खर्च करणारे हौशी लोकही ही पेटी तशीच फाटकी ठेवतात, कारण झाकण लावले की ती दिसत नाही. परंतु पेटीच्या पाठीमागे साठ-सत्तर वर्षांच्या, कापडी वेष्टणाच्या वायरी असतात, आणि कोरडे कागद त्या वायरींवर पडणे ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

हा लेख शेव्हर्लेच्या १९४७ ते १९५५ या काळातील ट्रकांना धरून लिहिला आहे. ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाने अमेरिकेत १९४७ च्या उन्हाळ्यात विक्रीला आलेल्या या मालिकेत अर्ध्या टनाच्या ३१०० पिकअपपासून मोठ्या मालट्रकांपर्यंत केबिनची मूळ रचना एकच होती, त्यामुळे खणाचे काम पिकअपवर शिकलेल्या माणसाला मालट्रकवरही करता येते. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हर्ले गाड्या जोडण्याचा कारखाना चालवला आणि तो १९५४ मध्ये बंद केला; आपल्याकडे या गाड्या मधूनमधून दिसतात, त्यामागे तो इतिहास आहे. माझी गाडी १९५१ ची, अर्ध्या टनाची, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते तिचे अस्तर मी दोनदा बदलले त्या अनुभवातून आले आहे. दोनदा का बदलावे लागले, ते ओघात येईलच.

गाडीच्या सालाची खात्री कागदांवरून होत नसेल, तर ती आधी गाडीवरूनच करून घ्यावी, कारण तयार अस्तर मागवताना सालच विचारतात. १९५१ पासून दरवाजाच्या काचेच्या पुढे उघडणारी छोटी त्रिकोणी काच आली, १९५२ मध्ये बाहेरच्या हँडलला दाबायचे बटण आले, आणि १९५४ मध्ये पुढची दोन तुकड्यांची काच जाऊन एकसंध काच आली. या शेवटच्या बदलाबरोबर डॅशबोर्डही बदलला, म्हणून १९५३ पर्यंतच्या गाडीचे अस्तर नंतरच्या गाडीला बसेल असे गृहीत धरू नये. मधल्या मालकांनी दरवाजे किंवा संपूर्ण केबिन दुसऱ्या गाडीचे बसवल्याची उदाहरणेही असतात. तेव्हा एका खुणेवर न थांबता दोन-तीन खुणा ताडून पाहाव्यात.

आधी पाणी शोधावे

पुठ्ठा वयाने ठिसूळ होतो हे खरे, परंतु वयाने झिजलेले अस्तर कडांशी आणि घड्यांवर फाटते, तर पाण्याने गेलेले अस्तर तळाच्या मागच्या कोपऱ्यापासून कुजत येते. आपले अस्तर कोठे फाटले आहे हे नीट पाहिल्यास कारण बहुतेक तेथेच कळते. तळाशी फुगवटा, पापुद्रे सुटलेले, कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ आणि ओलसर वास असेल, तर पाणी येत आहे. ते बंद केल्याशिवाय घातलेले नवे अस्तर दोन पावसाळ्यांपेक्षा अधिक टिकणार नाही. माझे पहिले नवे अस्तर दुसऱ्या पावसाळ्यातच कुजले, आणि त्याचे कारण एवढेच होते, की मी हे काम नंतर करू म्हणून पुढे ढकलले.

या गाड्यांत पाणी येण्याच्या दोन जागा प्रमुख आहेत. पहिली म्हणजे काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे असलेली वाऱ्याची झडप, जिच्या भोवतीची रबरी पट्टी कडक होऊन आक्रसते. आणि दुसरी म्हणजे पुढच्या काचेचे रबर, विशेषतः त्याचे खालचे कोपरे. दोन्हींतून आलेले पाणी पत्र्याच्या आतल्या अंगाने ओघळत खणाच्या पाठीवर येते, म्हणून ते जेथे टपकते तेथे भोक असेलच असे नाही. शोधण्यासाठी साधा फळ्यावरचा खडू पुरतो. केबिन पूर्ण कोरडे असताना डॅशच्या खालून हात घालून, पोहोचेल तेवढ्या आतल्या पत्र्यावर खडूच्या जाड आडव्या रेघा ओढाव्यात. मग एका माणसाने बाहेरून पाण्याची नळी, जोर न लावता, आधी झडपेवर, नंतर काचेच्या खालच्या कडेवर आणि सर्वांत शेवटी बाजूंवर प्रत्येकी पाच मिनिटे धरावी आणि दुसऱ्याने आत विजेरी घेऊन रेघांकडे पाहावे. ज्या रेघेत उभी काळी फट पडली, तिच्या सरळ वर पाण्याची वाट आहे. खालून वर जाण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. काचेवर आधी पाणी ओतले, तर ते वाहत झडपेपर्यंत पोहोचते आणि दोष कोणाचा हे कळत नाही.

झडपेचे रबर बदलणे हे तासाभराचे काम आहे आणि ते स्वतः करता येते. काचेचे रबर गेले असेल, तर ते काम काच बसवणाऱ्या कारागिराकडे द्यावे, आणि ते होईपर्यंत खणाला हात लावू नये.

जुने अस्तर काढणे

सुरुवात बॅटरीपासून करावी. या मालिकेतील गाड्या मूळच्या सहा व्होल्टच्या आहेत आणि त्यांत ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. पुष्कळ गाड्या नंतर बारा व्होल्टवर नेलेल्या असतात. काहीही असले तरी बॉडीला गेलेले टोक आधी सोडावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. १९४९ पासून या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे आहे, ही गोष्ट काम संपेपर्यंत लक्षात ठेवावी. दोन्ही दरवाजे उघडे ठेवावेत, केबिनमध्ये हीट गन, सोल्डरिंगचे इस्त्री किंवा उघडा दिवा आणू नये, आणि रबर सोल्युशनसारखे लवकर पेट घेणारे चिकट पदार्थ गाडीच्या बाहेरच लावावेत.

उंदरांना पुठ्ठ्याचा खण फार आवडतो. आत लेंड्या किंवा घरटे असेल, तर ते कोरडे झाडू नये. नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून ते भिजवावे, काही मिनिटे थांबावे आणि मग हातमोजे व मास्क लावून ओल्या फडक्याने उचलावे. डॅशच्या पाठीमागे इंजिनच्या बाजूच्या भिंतीवर जुना, तंतुमय, राखाडी थर दिसला, तर त्याला खरवडू नये किंवा हवेच्या नळीने फुंकू नये, कारण त्या काळच्या उष्णतारोधक थरांत अस्बेस्टॉस असू शकतो.

यानंतर झाकण उघडून त्याला आधार द्यावा. झाकण खालच्या बिजागरीवर लोंबते, आणि त्याला रोखणारी पट्टी सुटली असेल तर त्याची कड खालच्या पत्र्यावर आपटून रंग जातो; मी झाकणाखाली दुमडलेला टॉवेल ठेवतो. अस्तराची बाहेर वळवलेली कड तोंडाच्या चौकटीला बारीक स्क्रूंनी धरलेली असते, आणि वरच्या बाजूस कुलपाची जीभ जेथे अडकते तो तुकडाही बहुधा त्यातल्याच स्क्रूंवर असतो. मधल्या सत्तर वर्षांत कोणी रिव्हेट मारले असतील, कोणी तारेने बांधले असेल. म्हणून सोडण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. प्रत्येक स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर थांबणे हे दुसऱ्या दिवशीचे दोन तास वाचवते. पेचकस स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच घ्यावा, आणि सोडण्याआधी स्क्रू किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. गंजाची पकड त्या हलक्या झटक्याने सुटते. काढलेले स्क्रू वाटीत टाकू नयेत. एका पुठ्ठ्यावर खणाच्या तोंडाचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर खोचावा, कारण सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची वायर टोचतो. अमेरिकी गाडीतले स्क्रू इंचाच्या मापाचे असतात. एखादा हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा स्क्रू जबरीने फिरवला, तर चौकटीतले आटे जातात आणि मग तेथे कोणताच स्क्रू धरत नाही.

स्क्रू निघाल्यावर अस्तर ओढून काढण्याचा मोह टाळावा. जुन्या अस्तराइतका अचूक नकाशा आपल्याला दुसरा मिळणार नाही, आणि या सगळ्या कामात माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे हेच आहे. पुठ्ठा कितीही कुजलेला असला, तरी त्याच्या घड्यांच्या जागा, स्क्रूची भोके आणि कोपऱ्यांतील काप यांतून मूळ पेटी कशी होती हे वाचता येते. डॅशखाली उताणे झोपून एका हाताने पेटीचा तळ धरावा, दुसऱ्या हाताने वरची कड चौकटीतून मोकळी करावी आणि पेटी मागे व खाली अशी तिरकी करत काढावी. ती जेथे अडते तेथे बहुतेक हीटरची नळी किंवा वायरींचा गठ्ठा असतो. त्याला बाजूला सारावे, पेटीला ओढू नये.

माझ्या गाडीच्या अस्तरात मागचा उजवा कोपरा तिरका कापलेला होता. पहिल्या वेळी मला तो उंदराने खाल्लेला वाटला, आणि मी नव्या पेटीचा कोपरा चौकोनी केला. पेटी बसवल्यावर तोच कोपरा वायरींच्या गठ्ठ्याला दाबू लागला. नंतर जुना तुकडा उन्हात धरून पाहिला, तेव्हा कापाची कड सरळ होती आणि तिच्यावर पेन्सिलची फिकट रेघ दिसत होती. कोणा कारागिराने विचार करून दिलेला तो काप होता. त्याच पेटीच्या तळाच्या दुहेरी घडीत जकात नाक्याची एक पावती चार पदरी दुमडून अडकली होती. शाई उडाली होती, पण नाक्याचा गोल शिक्का अजून बोटाला लागत होता. ती मी गाडीच्या कागदांत ठेवली आहे. घड्या उलगडताना घाई करू नये, हे सांगण्यासाठी तेवढे पुरे.

नकाशा आणि पुठ्ठा

काढलेल्या पेटीच्या पिना नोज प्लायरने एकेक सरळ करून काढाव्यात. पुठ्ठा ठिसूळ असेल, तर फवारणीच्या बाटलीने घड्यांवर पाण्याचे अगदी हलके तुषार मारून दहा मिनिटे थांबावे. घडी मऊ पडते आणि तुकडा न मोडता उलगडतो. सगळे तुकडे जुन्या वर्तमानपत्रावर मांडून वर काच किंवा प्लायवुडची फळी ठेवावी आणि एक रात्र दाबून ठेवावे. सकाळी ते सपाट झालेले असतात. मग खाकी कागदावर त्यांची बाह्यरेषा काढावी, घड्या तुटक रेघेने आणि भोके फुलीने दाखवावीत. जो कोपरा कुजून गेला असेल, तो समोरच्या बाजूचा कागद उलटा ठेवून पुरा करता येतो, परंतु दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही, म्हणून अशा जागी प्रश्नचिन्ह करून ती गाडीत प्रत्यक्ष मोजावी.

अमेरिकेत या गाड्यांची तयार अस्तरे आजही विकत मिळतात, आणि डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची गाडी असेल तर ती मागवणे हा सरळ मार्ग आहे. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीत मात्र खण डावीकडे येतो, त्यामुळे पाठीमागची अडचण वेगळी असते आणि परदेशी पेटीचे काप चुकीच्या कोपऱ्यात पडू शकतात. शिवाय पेटीच्या किमतीपेक्षा तिचे टपाल महाग पडते. आपल्या गाडीसाठी पेटी घरी करणे मला म्हणूनच अधिक योग्य वाटते. हे काम सुताराचे नाही, बाइंडरचे आहे.

पुठ्ठा वह्या-पुस्तके बांधणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून घ्यावा. तेथे ग्रे बोर्ड आणि त्याहून कडक, गुळगुळीत मिल बोर्ड मिळतो. दीड मिलिमीटरचा, हाताला जड लागणारा, कडेला पापुद्रे न दिसणारा मिल बोर्ड या कामाला उत्तम आहे. तो मिळाला नाही तर ग्रे बोर्ड चालतो, पण त्याला वार्निशचा एक हात जास्त द्यावा लागतो. भुसभुशीत पिवळा स्ट्रॉ बोर्ड घेऊ नये. प्लायवुड वजनदार असते आणि कोपऱ्यांत वळत नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा सुचवणारे पुष्कळ भेटतात, आणि दिसायला तो भक्कम असतो. परंतु उघड्या पडलेल्या वायरींच्या शेजारी धातूची धारदार पेटी टांगणे मला मान्य नाही, आणि खडबडीत रस्त्यावर ती जो आवाज करते तो सहन होत नाही.

पुठ्ठ्याला लाकडासारखी दिशा असते. मोठा तुकडा दोन्ही हातांत धरून आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवून पाहावा. एका दिशेने तो सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने विरोध करतो. सहज वाकणारी घडी दिशेला समांतर असते आणि ती साफ पडते, तर आडवी घडी चिरफळते. पेटीला दोन्ही दिशांच्या घड्या असतातच, म्हणून सर्वांत लांब घडी, म्हणजे तळ आणि पाठ यांमधली, दिशेला समांतर येईल असा नकाशा पुठ्ठ्यावर ठेवावा.

पुठ्ठा कापण्याआधी जुन्या कॅलेंडरच्या किंवा मिठाईच्या खोक्याच्या पातळ कागदी पुठ्ठ्याची एक कच्ची पेटी करून ती गाडीत घालून पाहावी. चिकटपट्टीने जोडलेली ही पेटी अर्ध्या तासात होते आणि सगळ्या चुका तिच्यावरच निघतात. झाकण बंद होते का, कुलपाच्या जिभेला जागा आहे का, मागची वायर दबते का, आणि मुख्य म्हणजे पेटी खालून तिरकी आत जाते का, हे पाहून पेनने तिच्यावरच दुरुस्त्या लिहाव्यात. जाड पुठ्ठ्यात प्रत्येक घडीला जाडी लागते, म्हणून कच्च्या पेटीच्या मापातून पक्की पेटी करताना आत बसणाऱ्या प्रत्येक बाजूला दीड ते दोन मिलिमीटर कमी धरावेत.

कापणे, दुमडणे, जोडणे

कटरचे पाते नवे असावे आणि पट्टी लोखंडी असावी. एका दमात कापायला जाऊ नये. हलक्या हाताने चार-पाच वेळा त्याच रेघेवरून पाते फिरवले, तर कड सुरीने कापलेल्या वडीसारखी स्वच्छ येते. घडीसाठी पुठ्ठा बाहेरच्या अंगाने, म्हणजे घडी ज्या बाजूला उघडी पडणार त्या बाजूने, निम्म्या जाडीपर्यंत कापावा आणि कापापासून उलट दिशेला, लोखंडी पट्टीच्या कडेवर दाबून वळवावा. आतल्या अंगाने कापल्यास घडी लवकर तुटते. निम्म्या जाडीचा अंदाज हाताला यावा म्हणून आधी कतरणीवर पाच-सहा काप करून पाहावेत. वळवताना बाहेरच्या कापाची फट उघडली आणि आतला पापुद्रा अखंड राहिला, की काप बरोबर पडला. स्क्रूची भोके टोच्याने पाडू नयेत, त्याने कड फाटते. चामड्याचा पंच वापरावा आणि भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे ठेवावे, म्हणजे बसवताना पेटी थोडी सरकवता येते.

रंग आणि वार्निश जोडणीच्या आधी, तुकडा सपाट असताना द्यावे. काळा रंग हवा असेल तर पाण्याने न उडणारी काळी ड्रॉइंगची शाई स्पंजाने लावावी. त्यावर संरक्षक थर हवा. पहिल्या वेळी मी फर्निचरला लावतात ती चपडी, म्हणजे स्पिरिटमधले फ्रेंच पॉलिश, लावली होती. ती पुठ्ठ्यात छान मुरते आणि लवकर वाळते, परंतु मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिल्यावर चपडी मऊ पडली आणि विम्याच्या कागदाची पाठ तळाला चिकटून सोलून निघाली. दुसऱ्या वेळी मी मॅट पॉलियुरेथेन वार्निश वापरले आणि ते आजवर उत्तम आहे. पहिला हात पातळ करून द्यावा, तो मुरला की बारीक पॉलिश पेपर फिरवावा आणि आणखी दोन हात द्यावेत. पुठ्ठा पाणी पितो तो पृष्ठभागातून फारसा नाही, कापलेल्या कडांतून पितो. म्हणून कडा, घड्यांचे काप आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू यांना छोट्या कुंचल्याने मुद्दाम वार्निश पाजावे. एकाच बाजूला वार्निश दिल्यास पुठ्ठा वाकडा होतो, तेव्हा दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यावेत आणि शेवटच्या हातानंतर किमान दोन दिवस वाळू द्यावे.

जोडणीसाठी कोपऱ्यांच्या पाकळ्यांना पातळ चिकट पदार्थ लावून वर पिना माराव्यात. ऑफिसातल्या स्टेपलरची पिन एवढ्या जाडीतून जात नाही. ती वाकते आणि पुठ्ठा चिरडते. छापखान्यात किंवा बाइंडरकडे तारेची पिन मारण्याचे मशीन असते, त्याच्याकडे पेटी नेल्यास पाच मिनिटांत सगळे कोपरे शिवून मिळतात. पिनेची पाठ आत आणि दुमडलेले पाय बाहेर यावेत, म्हणजे खणात हात घालणाऱ्याला ओरखडा बसत नाही. मात्र बाहेर आलेले पाय वायरींकडे तोंड करून असतात, म्हणून प्रत्येक घडीवर आणि पिनांच्या रांगेवर बाइंडिंगच्या कापडाची दोन बोटे रुंद पट्टी चिकटवावी. ही पट्टी घडीचे आयुष्य वाढवते आणि वायरींचे वेष्टणही वाचवते. ज्यांना आत वस्तूंचा खडखडाट नको असेल, त्यांनी तळाला पातळ फेल्टचा तुकडा सुटाच अंथरावा. चिकटवलेला फेल्ट ओल धरून ठेवतो आणि खालचा पुठ्ठा कुजत असला तरी दिसू देत नाही.

गाडीत बसवणे

पेटी आत घालण्यापूर्वी रिकाम्या जागेतून डॅशमागची पोकळी एकदा मनापासून पाहून घ्यावी, कारण ती इतकी मोकळी पुन्हा लवकर मिळणार नाही. वायरींचे कापडी वेष्टण जेथे विरले असेल तेथे वायर बदलावी किंवा तिच्यावर नळी चढवावी, काचेवर वारा नेणाऱ्या नळ्या फाटल्या असतील तर आताच बदलाव्यात, आणि चौकटीच्या आतल्या कडेवरचा गंज पॉलिश पेपरने घासून तिला प्रायमरचा एक हात द्यावा. गंजलेली कड नव्या पुठ्ठ्याला घासून कापते.

मग पेटीची मागची बाजू आधी वर चढवावी आणि तोंड चौकटीकडे फिरवत आणावे. पेटी अडली तर ती दाबून नेऊ नये. एका बाजूची पाकळी किंचित आत दाबून पुन्हा प्रयत्न करावा. तोंडाशी आल्यावर वरच्या मधल्या भोकात पहिला स्क्रू चार-पाच आट्यांपर्यंतच फिरवावा, नंतर खालचा मधला, आणि मग कोपरे. सगळे स्क्रू सैल असताना झाकण दोन-तीन वेळा लावून पाहावे. नेमके काय घासते हे कळण्यासाठी वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कडेत धरून झाकण लावावे आणि पट्टी ओढावी. जेथे ती हलकेच सरकत येते तेथे फट ठीक आहे, जेथे अडकते तेथे पुठ्ठ्याची कड कानशीने किंचित घासावी आणि घासलेल्या जागी पुन्हा वार्निश लावावे. चारही बाजू जुळल्या की प्रत्येक स्क्रूखाली पातळ, रुंद वायसर घालून मधून कोपऱ्यांकडे आवळत जावे. वायसर पुठ्ठ्याला टेकून फिरायचे थांबले की पुरे. त्यापुढे आवळल्यास स्क्रूचे डोके पुठ्ठ्यात रुतते आणि वर्षभरात ती जागा फाटते.

बॅटरी जोडल्यावर दिवे, हॉर्न, हीटरचा पंखा आणि वायपर एकेक चालवून पाहावेत आणि डॅशखाली विजेरी टाकून पेटीला कोणतीही वायर ताणून टेकलेली नाही ना, हे तपासावे. त्यानंतर खराब रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून आणावी आणि स्क्रू पुन्हा एकदा हाताने पाहावेत, कारण नवा पुठ्ठा पहिल्या हादऱ्यांत थोडा बसतो.

खणात कागद, फडके, विजेरी आणि बल्बची डबी एवढेच ठेवावे. पाने आणि पक्कड यांची जागा सीटखाली आहे. मूळ पेटीही अशा वजनासाठी केलेली नव्हती, आणि तळाची मागची घडी सर्वांत आधी फाटलेली दिसली तर तिचे कारण बहुतेक एखादा जड पाना असतो.

खाकी कागदावरचा नकाशा गुंडाळी न करता सपाट ठेवावा आणि त्यावर दुरुस्त मापे, पुठ्ठ्याची जाडी व तारीख लिहावी. नव्या पेटीच्या पाठीवरही, वार्निश देण्यापूर्वीच, पेन्सिलीने तारीख घालावी आणि एखादा काप मुद्दाम दिला असेल तर तो कशासाठी हे दोन शब्दांत लिहावे. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर खण उघडून तळाच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत बोट फिरवावे. बोट कोरडे आले तर फेल्ट परत अंथरावा; ओल लागली तर पेटी त्याच दिवशी काढून वाळत घालावी आणि खडू घेऊन पुन्हा झडपेपासून सुरुवात करावी.